जोडणीची शिस्त

खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहावयास जाणाऱ्यास प्रश्न पडतो : ही दुर्बीण एक की तीस? ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत विखुरलेल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या योजनेचे मर्म आकाराइतकेच जोडणीत आहे. प्रत्येक अँटेनाने टिपलेले तरंग प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती केंद्रात येतात. कोणते तरंग कोठून आणि किती विलंबाने आले, याचा काटेकोर हिशेब ठेवून ४३५ जोड्यांची तुलना केली जाते. तेव्हाच आकाशाचे चित्र उमटते. हिशेब चुकला तर उरतो केवळ गोंगाट. जून २०२३ मध्ये येथील नोंदी युरोपातील पाच दुर्बिणींच्या नोंदींशी जोडल्या गेल्या आणि अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या अस्तित्वाचा पुरावा पुढे आला, तोही याच शिस्तीच्या बळावर.

आज संगणकाच्या पडद्यावर दहा ठिकाणचा मजकूर एका पानात सहज गुंफता येतो. बातम्या, पाठाची टिपणे, परिपत्रके सारे एकत्र येते. मात्र मूळ कोठले, तारीख कोणती, हे वाटेत गळून पडते. रद्द झालेले परिपत्रक नव्याच्या शेजारी मानाने बसते, आणि भुर्दंड पडतो तो त्यावर विसंबलेल्या विद्यार्थ्याला वा कारकुनाला.

एकत्र करणे म्हणजे सरमिसळ करणे नव्हे. प्रत्येक तुकड्यावर त्याच्या उगमाची आणि काळाची खूण राहिलीच पाहिजे. ती पुसणाऱ्या सोयीला ज्ञानप्रसार म्हणणे ही आत्मवंचना ठरेल.