हिशेब दळणाचा

घरी एस्प्रेसो करू इच्छिणारे बहुधा कॉफीयंत्रावर सढळ खर्च करतात आणि ग्राइंडर घेताना हात आखडतात. हिशेब येथेच चुकतो. पात्याचे ग्राइंडर बिया तोडते. पूड जाडबारीक राहते आणि पाणी मिळेल त्या वाटेने निसटते. जात्याप्रमाणे दोन दातेरी भागांमध्ये दळणारे ‘बर’ ग्राइंडर घ्यावे. खर्च बेताचा असल्यास हाताने फिरवावयाचेही चालेल. मात्र त्याचे टप्पे अगदी जवळजवळ असावेत.

प्रारंभी १८ ग्रॅम पूड घेऊन ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरते का, ते पाहावे. लवकर उतरून आंबट लागली, तर दळण एक टप्पा बारीक करावे. रेंगाळून कडवट झाली, तर जाड. वजन तेच ठेवावे. एका वेळी एकच बदल करून तो वहीत टिपावा. व्यापारी घराला ही सवय निराळी शिकवावी लागत नाही.