‘डीप प्लेन करता का?’ हा नंतरचा प्रश्न

फेसलिफ्ट करून घ्यायला निघालेला माणूस हल्ली डॉक्टरांना आधी विचारतो ते तंत्र: ‘तुम्ही डीप प्लेन करता ना?’ परदेशी तारकांचे आधीचे आणि नंतरचे फोटो मोबाइलवर फिरू लागल्यापासून या नावाला असं काही वजन आलं आहे की बाकीच्या पद्धती जुनाट वाटाव्यात. जाहिरातदारांनी ते बरोबर हेरलं आहे. तंत्राची चौकशी करण्यात गैर काहीच नाही. पण सर्जन कोण आणि आपली प्रकृती कशी, याच्याआधी तंत्राचं नाव पक्कं करणं म्हणजे उपलब्ध पुराव्याकडे पाठ फिरवणं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कानापुढची थोडी कातडी कापायची, उरलेली ताणायची आणि शिवायची, एवढीच ही शस्त्रक्रिया होती. ताणलेली कातडी पुन्हा सैल पडतेच, त्यामुळे परिणाम लवकर ओसरे आणि तोवर चेहरा ओढल्यासारखा दिसे. स्वीडनच्या स्कूग यांनी सत्तरच्या दशकात कातडीखालच्या थरालाच हात घातला. 1976 मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्या थराची रचना मांडली. स्नायू आणि तंतूंचा हा पातळ पडदा ‘स्मास’ या नावाने ओळखला जातो. खरी क्रांती ती होती. ओढ या पडद्यावर घ्यायची आणि कातडी वर नुसती अलगद पसरायची, हे तत्त्व तेव्हापासून रुळलं. पुढचे वाद या पडद्याचं काय करायचं याचे आहेत. कुणी त्याला चुणी घालून टाके मारतो, कुणी त्याची पट्टी कापून कडा जोडतो, तर बेल्जियममधून आलेल्या ‘मॅक्स लिफ्ट’मध्ये छोट्या छेदातून दोऱ्यांनी तो वर टांगतात. अमेरिकेच्या सॅम हॅम्रा यांनी 1990 मध्ये मांडलेल्या ‘डीप प्लेन’मध्ये पडद्याच्या खाली जाऊन, गालाला जखडून ठेवणारे बंध सोडवतात आणि कातडी व पडदा एकसंध उचलतात.

यांत सरस कोणती, हे तपासायचे दोन प्रयत्न बोलके आहेत. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्येक रुग्णाच्या चेहऱ्याची एक बाजू साध्या स्मास पद्धतीने आणि दुसरी अधिक खोल पद्धतीने केली होती. वर्षभराने दोन्ही बाजूंत लक्षात येण्याजोगा फरक उरला नव्हता. दुसरा प्रयत्न त्याहून रंजक आहे. एकसारख्या जुळ्या बहिणींच्या दोन जोड्या, चार नामवंत सर्जन आणि प्रत्येकाची वेगळी पद्धत. त्या चौघांत हॅम्राही होते. दहा वर्षांनंतरचे फोटो 2009 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा चारही पद्धती काळाला पुरून उरल्याचं दिसलं.

यावर आक्षेप येतो की रुग्ण मोजके, आणि त्या काळापासून डीप प्लेन बरंच सुधारलं आहे. दोन्ही खरं आहे. नाकापासून ओठाकडे उतरणारी खोल घडी आणि गालाचा ओघळलेला मधला भाग यांना बंध सोडवण्याचा फायदा होतो, असं अनेक अनुभवी सर्जन सांगतात, आणि शरीररचना पाहता ते पटण्यासारखंही आहे. सगळ्या पद्धती सारख्याच, असा दावा मीही करणार नाही. नुसती कातडी ताणणं किंवा काही महिन्यांत ढिल्या पडणाऱ्या धाग्यांना फेसलिफ्टच्या रांगेत बसवणं ही दिशाभूलच आहे. पण डीप प्लेनमध्ये सुरी चेहऱ्याच्या चेतातंतूंच्या जवळून फिरते. ज्याचा हात त्यावर बसलेला नाही, त्याच्याकडून हौसेने ते करून घेण्यापेक्षा जाणकाराचं साधं स्मास केव्हाही बरं.

शिवाय सगळ्यांत जास्त आढळणारी गुंतागुंत कोणत्याच तंत्राने टळत नाही. ती म्हणजे कातडीखाली रक्त साचणं. बहुतेकदा ते पहिल्या चोवीस तासांत होतं, पुरुषांमध्ये जास्त होतं आणि वाढलेला रक्तदाब त्याला हमखास आमंत्रण देतो. तंबाखूचंही तसंच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि उचललेली कातडी, विशेषतः कानामागची, काळी पडून मरू शकते. सिगारेट ओढत नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी रोजची मिश्रीही डॉक्टरांना सांगावी. कारागिरी ओळखायची तर कानाची पाळी पाहावी. कातडी ताणून शिवली असेल तर पाळी खाली ओढली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसते. अंबाडा घालणाऱ्या, कानात झुबे घालणाऱ्या बाईला हे झाकणं कठीण. आपल्या सावळ्या त्वचेवर वण गडद उमटण्याचा धोकाही गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असतो.

तंत्राचं नाव निदान कळतं, हाताचं कौशल्य सामान्य माणसाने कसं जोखायचं, हा आक्षेप रास्त आहे. पण तंत्राचं नाव फलकावर कुणीही लिहू शकतो. प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी खरी आहे का, हे मात्र तपासता येतं. स्वतःच्या रुग्णांचे वर्षभरानंतरचे, एकाच उजेडात आणि बाजूनेही काढलेले फोटो मागता येतात. भूल कोण देणार, हे विचारता येतं. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा लागू होत नाही आणि वर जीएसटी असतो, तेव्हा पुन्हा उघडावं लागलं तर तो खर्च कुणाचा, हे लेखी घेता येतं. आणि रात्री दोन वाजता एक गाल सुजू लागला तर थिएटर उघडायला कोण येणार, त्याचं नाव आणि नंबर ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधीच मागता येतो.