सोसण्यात कसला आला पराक्रम?

कर्करोगावरच्या एका व्याख्यानात परवा तीन मतं ठणकावून मांडली गेली. मॉर्फिनची सवय लागते, म्हणून ते अगदी शेवटापर्यंत टाळावं. रुग्णाला पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, विभागात पाठवणं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकणं. आणि मागची पिढी दुखणं सोसायची, आताचे लोक नाजूक. सभागृहात माना डोलल्या, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

सोसण्याचं आधी निकालात काढू. मणक्यात कर्करोग पसरलेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत बसवतात, तेव्हा व्याख्यात्यांनी एकदा जवळ उभं राहावं. मागची पिढी सोसायची, कारण तिच्यापुढे दुसरा इलाज कोणी ठेवलाच नव्हता.

खरा उच्छाद मांडलाय तो 'सवय लागते' या वाक्याने. बराच काळ मॉर्फिन घेतल्यावर शरीर त्याला सरावतं, एकदम बंद केलं तर त्रास होतो, हे खरं. म्हणूनच रेडिएशनने हाडाचं दुखणं कमी झालं की मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. स्टेरॉइडही एकदम थांबवत नाहीत, पण ते घेणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. व्यसन माणसाला घरादारापासून तोडतं. हा रुग्ण गोळी लागू पडली की चार घास जेवतो, झोपतो, नातवंडांशी बोलतो. आधीपासून व्यसन असलेल्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं, आणि ते कसं ठेवायचं हे पॅलिएटिव्हचे डॉक्टर जाणतात.

वॉर्डात काय घडतं ते बघा. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. केसपेपरवर मात्र 'एसओएस' लिहिलेलं असतं, म्हणजे दुखलं तर द्या. रुग्ण कळवळला की नातेवाईक सिस्टरना शोधत धावतो. कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे, मग रजिस्टर, मग सही. दोनदा मागितलं की 'याला सवय लागली' असा शिक्का! पॅलिएटिव्ह तज्ज्ञ काय करतात? घड्याळाप्रमाणे दर चार तासांनी गोळी, मध्येच कळ आली तर दिवसाच्या एकूण मात्रेच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी जादा मात्रा, आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. मग हात पसरायची वेळ क्वचितच येते.

याच भीतीने कायदाही जाचक केला. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीपायी अनेक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने मॉर्फिनसारख्या औषधांसाठी अफू पिकते, आणि त्याच देशातला रुग्ण मॉर्फिनच्या गोळीसाठी जिल्हा पालथा घालतो. 2014 मध्ये कायदा सुधारला. भीती तशीच राहिली.

रुग्णाला आजाराचं नाव सांगावं का, यावरही पूर्वी असाच वाद घातला गेला. 'तो खचेल' म्हणत नाव लपवायचं. सगळ्या वॉर्डाला ठाऊक, एकट्या रुग्णाला नाही. त्याच्या वतीने निर्णय घेण्याची ती खोड मॉर्फिनच्या बाबतीत अजून गेलेली नाही.

राहिलं हात टेकणं. 2010 मध्ये बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात निदानापासूनच पॅलिएटिव्ह तज्ज्ञांकडे गेलेले रुग्ण इतरांपेक्षा सरासरी अडीचेक महिने जास्त जगले, तेही शेवटी कमी केमोथेरपी घेऊन.

मग करायचं काय? ताप आणि नाडीसोबत वेदनेचाही आकडा, शून्य ते दहा, रोज विचारून लिहावा. दुखणं नसेचं, हाडाचं की आतड्याचं हे ओळखून औषध, रेडिएशन किंवा नर्व्ह ब्लॉक द्यावा. हे स्वप्नरंजन नव्हे: मुंबईच्या टाटा रुग्णालयात स्वतंत्र पॅलिएटिव्ह विभाग आहे, आणि कोझिकोडला 1993 पासून हे काम चालू आहे.

नातेवाइकांनो, तुमचा माणूस कण्हत असेल तर शेवटाची वाट पाहू नका. आजच्या राउंडलाच डॉक्टरांना विचारा, "पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना कधी बोलावताय?"