एकमार्गी टपाल

गेली काही वर्षे मी स्वतःचा एक लहानसा मेल-सर्व्हर चालवितो. त्यावरून जाहिरातीचे एकही पत्र कधी गेलेले नाही. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही कसोट्यांना तो उतरतो. तरीही एक बलाढ्य ईमेल-पुरवठादार माझी पत्रे नाकारतो. कारण माझ्या आयपी पत्त्याच्या शेजारपाजारी कधीकाळी कोणी उपद्रवी नांदत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही! विनंती-अर्जांना साचेबंद उत्तरे येतात.

मात्र त्याच पुरवठादाराचे ग्राहक मला खुशाल लिहू शकतात. एका अपरिचित वाचकाने मोठ्या आस्थेने काही विचारले. मी सविस्तर उत्तर लिहिले आणि ते परत आले. त्या गृहस्थाच्या लेखी मी उद्धट ठरलो असणार.

म्हणून त्या पुरवठादाराकडून येणारी पत्रे मी आता दारातच नाकारतो. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी तक्त्यातील एखादी ओळ पुरते. स्नेही याला सूड म्हणतात. मला हे मान्य नाही. एसएमटीपीच्या व्यवहारात २५० हा संकेत म्हणजे नुसती पोच नव्हे. पत्र पोहोचविण्याची, न पोहोचल्यास तसे कळविण्याची ती हमी आहे. ज्याला उत्तर देता येणार नाही त्याचे पत्र मुकाट ठेवून घेणे, ही मला फसवणूक वाटते. त्याऐवजी मी ५५० हा नकार देतो आणि सोबत कारण लिहितो: तुमचा पुरवठादार माझी उत्तरे अडवितो, कृपया दुसऱ्या पत्त्यावरून लिहावे. हा निरोप ग्राहकापर्यंत नेण्याचे काम त्याच्याच पुरवठादाराला करावे लागते.

यात निरपराध ग्राहक भरडला जातो, हा आक्षेप गंभीर आहे. पण तो आधीपासूनच भरडला जात आहे, फक्त त्याला त्याचा पत्ता नाही. शिवाय पुरवठादारापाशी माझ्या शब्दाला किंमत नसली, तरी ग्राहकाच्या शब्दाला थोडीफार असते.

अर्थात काही पथ्ये पाळावीत. पत्र गुपचूप नष्ट करू नये. नियमानुसार असणारा पोस्टमास्टरचा पत्ता सर्वांना खुला ठेवावा. सर्व्हरवर इतरांच्याही टपालपेट्या असतील, तर त्यांना विचारल्यावाचून हा उद्योग करू नये. पत्रव्यवहार या शब्दात देणे आणि घेणे दोन्ही येतात. समोरच्याने आपली अडवणूक उठविली, की त्याच दिवशी मीही ती ओळ पुसून टाकीन.