वचन कुणाला सांगितलंय, ते आधी पाहा

बुलढाणा, खामगाव, मलकापूरकडच्या आपल्या मंडळीतल्या भाऊबहिणींना एक विनंती. स्तोत्रसंहितेतलं ४५ वं आणि ४६ वं स्तोत्र घरसभेत लागोपाठ वाचा, आणि पूर्ण वाचा. पहिलं राजाच्या लग्नाचं, दुसरं देवाच्या आश्रयाचं. दोन्हींवर कोरहाच्या वंशातल्या गायकांचं नाव आहे. आपण मात्र लग्नाच्या मांडवात एकातलं वचन उचलतो, दुःखाच्या घरी दुसऱ्यातलं, आणि ते कुणाला उद्देशून आहे हे पाहतच नाही.

लोक आणि बापाचं घर विसर, हे ४५ व्या स्तोत्रातलं दहावं वचन नवरीला ऐकवलं जातं. त्याआधी कवी राजाशी बोलतो. सत्य, नम्रता आणि न्याय यांसाठी निघ, असं चौथ्या वचनात त्याला बजावतो, आणि तू दुष्टाईचा द्वेष करतोस, असं पुढे म्हणतो. नवरीकडे तो नंतर वळतो. ती परमुलखातली राजकन्या असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. अशा लग्नात निष्ठा कुणाशी, हा राज्याचाच प्रश्न होता. सिंदखेडराजाच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. लखुजी जाधवांची लेक जिजाऊ भोसल्यांच्या घरी गेली, पुढे दोन्ही घराण्यांत वैर आलं, आणि १६२९ साली दौलताबादला निजामशाही दरबारात लखुजी मारले गेले. सासर-माहेराच्या ओढाताणीत बाईच्या जिवाचं काय होतं, ते या मातीला माहीत आहे.

म्हणून नवरीला दहावं वचन सांगायचं, तर नवऱ्या मुलाला आधी चौथं सांगा. सासरी मार खाणाऱ्या लेकीला तर हे वचन ऐकवून कधीच परत पाठवू नका. इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय या स्तोत्रातला राजा ख्रिस्तात पाहतो. मग वधू म्हणजे सगळी मंडळी. जुनी घमेंड, जात, घराण्याचा तोरा विसरण्याची आज्ञा पुरुषांनाही तेवढीच लागू होते.

४६ व्या स्तोत्रात डोंगर ढासळतात, समुद्र खवळतो, आणि मध्येच नगराला आनंद देणारी नदी येते. यरुशलेमला मोठी नदी नव्हती, गीहोनचा झरा होता. हिज्कीया राजाने अर्ध्या किलोमीटरहून लांब बोगदा खोदून त्याचं पाणी तटाच्या आत आणलं. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबाने नगर कोंडलं, ते याच राजाच्या काळात. लोणारला खाऱ्या सरोवराच्या काठावर गोमुखाची गोड धार पडते. ती पाहिलेल्याला या नदीचा दिलासा लगेच कळेल.

शांत राहा, हे दहावं वचन त्याच स्तोत्रातलं. नवव्या वचनात देव धनुष्य मोडतो, रथ जाळतो. म्हणजे दहावं आधी लढणाऱ्या राष्ट्रांना आहे, रडणाऱ्यांना नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं, त्यांत आपला जिल्हा होता. आत्महत्या झालेल्या घरातल्या बाईला गप्प राहायला सांगू नका. तिच्याजवळ बसून याच स्तोत्रातलं आश्रयाचं पहिलं वचन वाचा, आणि सातबारा, बँकेचे कागद, मुलांची फी यासाठी तिच्यासोबत चालत जा.

घरसभेत प्रत्येक वचनापाशी थांबून विचारा, हे कोण कुणाला म्हणतंय? आणि ४५ व्या स्तोत्रावर आधी बायकांना बोलू द्या.