नेम आपला, गोळी परक्याची

विजयादशमीला शस्त्रपूजन करण्याची आपली परंपरा आहे. नांदेडकरांना तर शस्त्राचे माहात्म्य वेगळे सांगावयास नकोच. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंहजींनी जेथे आपला देह ठेवला, त्या सचखंड श्री हजूर साहिबमध्ये त्यांची शस्त्रे आजही श्रद्धेने जतन केली जातात. परंतु तलवार आणि रायफल यांत एक मूलभूत भेद आहे. तलवार स्वतःच्या धारेवर चालते. रायफल मात्र तिच्यात भरलेल्या काडतुसाच्या गुणावर चालते. काडतूस सुमार असेल, तर उत्तमोत्तम रायफलही सुमारच ठरते.

महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या गोळीबार सरावात आम्हांला प्रत्येकी पाच काडतुसे मोजून मिळत. पाचही छिद्रे जवळजवळ पडली, तर शाबासकी. एखादे दूर गेले की 'श्वास रोखला नाहीस' हा ठपका ठरलेला. दोष त्या एका काडतुसाचाही असू शकतो, ही शंका ना उस्तादांना आली, ना आम्हांला.

या आठवणीचे कारण स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या या तरुणाने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लाभले. त्यापूर्वी २०१० मध्ये म्युनिक येथे तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या होत्या. लातूर-नांदेडच्या शाळांतील मुले आज या नावांकडे पाहून रायफल हाती घेऊ इच्छितात. त्यांना खांद्याची ठेवण शिकविली जाते, श्वास शिकविला जातो. गोळी निवडावी कशी, हे मात्र क्वचितच कोणी शिकवितो.

'खरा नेमबाज कोणत्याही गोळीने नेम साधतो. नाचता येईना अंगण वाकडे' असे यावर कोणी म्हणेल. त्यांनी थोडा हिशेब करावा. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलीमीटर व्यासाचे असते. पॉइंट टू-टूची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने सुटते. दोन काडतुसांच्या वेगात केवळ दहा मीटरचा फरक पडला, तरी लक्ष्यावर सात-आठ मिलीमीटरची तफावत होते. नेम अचूक, श्वास अचूक, आणि तरीही गोळी वर्तुळाबाहेर! येथे अंगण खरोखरच वाकडे असते.

हा फरक येतो कोठून? या काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते. ते सर्वत्र सारखे पसरले नाही, दारूचे वजन किंचित हलले, शिशाच्या गोळीचा आकार तसूभर बदलला, की वेग बदलतो. म्हणूनच नामवंत कारखान्यांचा मालही घाण्याघाण्यागणिक वेगळा निघतो, आणि एका नळीला मानवणारा घाणा दुसरीला मानवतोच असे नाही. जाणते नेमबाज यासाठी रायफल शिकंज्यात घट्ट बसवितात, प्रत्येक घाण्याच्या दहा-दहा गोळ्या झाडतात, छिद्रांचा घेर मोजतात आणि ज्याचा घेर सर्वांत लहान, त्याच घाण्याची काडतुसे हजारोंनी घेऊन ठेवतात. महागडी ती उत्तम, वेगवान ती उत्तम, हे दोन्ही समज येथे खोटे ठरतात. उत्तम ती, जी प्रत्येक वेळी सारखी वागते.

अंतर वाढले की ही परीक्षा अधिक कठोर होते. ७.६२ मिलीमीटरची साडेनऊ ग्रॅमची साधी लष्करी गोळी पायदळाच्या कामाला पुरते. दूरच्या नेमासाठी मात्र मागे निमुळती होत जाणारी, सुमारे ११.३ ग्रॅमची गोळी घेतात. ती वाऱ्याने कमी ढळते. परंतु गोळी जड व लांब झाली, की तिला स्थिर ठेवण्यास नळीतील आट्यांचा पीळही अधिक लागतो. थोडक्यात, नळी न पाहता गोळी निवडणे म्हणजे पत्रिका न पाहता लग्न ठरविणे!

त्यात आमच्या मराठवाड्याचे ऊन. दारू तापली की गोळीचा वेग वाढतो. सकाळच्या गारव्यात जुळविलेला नेम वैशाखातल्या दुपारी, उन्हात ठेवलेल्या डब्यातील काडतुसांनी चुकणारच. काडतुसे सावलीत ठेवावीत आणि स्पर्धा ज्या वेळी, त्याच वेळी चाचणी घ्यावी, याला पैसा लागत नाही. लागते ती शिस्त. दहा मीटरच्या एअर रायफलची मुलेही छऱ्यांबाबत हेच करू शकतात. ४.४९, ४.५०, ४.५१ मिलीमीटर अशा मापांतून आपल्या नळीचे माप शोधणे हीच त्यांची पहिली निवड.

खरी अडचण पुढेच आहे. आंतरराष्ट्रीय दर्जाची काडतुसे इंग्लंड, जर्मनीतून येतात. ती आयात करण्याची सवलत ठरावीक गुणांची पात्रता गाठून नामांकित ठरलेल्या नेमबाजांना मिळते. पात्रता गाठण्यास चांगली गोळी हवी, आणि चांगली गोळी मिळण्यास पात्रता हवी! ज्याच्या पाठीशी पैसा आणि पुण्या-मुंबईचा शेजार आहे, तो या चक्रातून सुटतो. औसा, उदगीर, कंधारच्या शेतकऱ्याचा मुलगा हाती येईल त्या डब्यावर समाधान मानतो आणि अपयशाचे खापर स्वतःच्याच डोक्यावर फोडून घेतो. हा अन्याय बंदुकीच्या आवाजासारखा ऐकू येत नाही, एवढेच.

उपाय अवघड नाहीत. लातूर आणि नांदेड येथे क्रीडा खात्याने एक शिकंजा, काही निवडक घाण्यांची काडतुसे व छरे आणि एक नोंदवही एवढी सोय करावी. होतकरू मुलांना, पात्रतेची अट न घालता, देखरेखीखाली तेथे चाचणी घेता यावी, आणि जुळणारा माल संघटनेमार्फत सरावासाठी मिळावा.

दुसरी अपेक्षा मोठी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. २०२१ मध्ये तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आला आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. दीडशे वर्षांचा हा अनुभव गाठीशी असताना ऑलिम्पिकच्या तोडीचे काडतूस आपल्याच मातीत का घडू नये? संख्येने कोट्यवधी काडतुसे काढणे वेगळे आणि हजारो काडतुसे एकसारखी काढणे वेगळे. स्वदेशीची खरी कसोटी या दुसऱ्या कामात आहे.

येत्या दसऱ्याला शस्त्रांवर फुले वाहताना एक फूल त्या चिमुकल्या काडतुसावरही ठेवू या, आणि मराठवाड्याच्या मुलांना ते पारखून घेण्याचा हक्क मिळवून देऊ या.