पॅकेजचं नाव एक, सर्व्हिसचं दुसरं!

नावात काय आहे, असं म्हणतात. पण लिनक्सवर वेब सर्व्हर बसवायला बसलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. तो सांगेल, सगळं घोडं नावापाशीच अडतं!

मित्रांनो, प्रात्यक्षिकाच्या वहीत आपण वर्षानुवर्षे त्याच दोन ओळी उतरवत आलो आहोत. एक, 'एचटीटीपीडी' इन्स्टॉल करा. दोन, 'एचटीटीपीडी' सुरू करा. लॅबमध्ये रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स असेल तर दोन्ही ओळी चालतात, सही मिळते, विषय संपतो. मग कुणीतरी घरच्या लॅपटॉपवर उबुंटू टाकतो आणि तिथे पहिल्याच ओळीला गाडी थांबते. मशीन म्हणतं, एचटीटीपीडी हे 'व्हर्च्युअल पॅकेज' आहे, अपाचे-२, एनजिनएक्स वगैरे ते पुरवतात, त्यातलं एक निवडा. आपण किराणा दुकानात जाऊन नुसतं "साबण द्या" म्हटलं तर दुकानदार "कोणता?" असं विचारणारच ना! डेबियन आणि उबुंटूत 'एचटीटीपीडी' हे एका वस्तूचं नाव नसून 'कोणताही वेब सर्व्हर' या अर्थाचं नाव आहे. पण आपल्याला वाटतं, लिनक्सच बिघडलं.

मुळात इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकेज म्हणजे जे आपण आणून बसवतो ते. सर्व्हिस म्हणजे बसवल्यावर पडद्याआड सतत चालणारं काम. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मुंबईहून रेल्वेने बुलढाण्याला यायचं तर तिकीट मलकापूरचं काढावं लागतं आणि पुढे एसटी धरावी लागते. तिकिटावर मलकापूर आहे म्हणून आपण चुकीच्या गावी निघालो, असं कुणी म्हणत नाही. पॅकेजचं नाव म्हणजे तिकिटावरचं नाव. सर्व्हिसचं नाव म्हणजे मुक्कामाचं.

कधी दोन्ही नावं एकच असतात, जसं शेगावचं तिकीट काढून शेगावलाच उतरावं. रेड हॅटमध्ये पॅकेजही एचटीटीपीडी आणि सर्व्हिसही एचटीटीपीडी. उबुंटूत दोन्हीकडे अपाचे-२. या योगायोगामुळेच आपला समज होतो की नावं नेहमी सारखीच असणार. पण पुढच्या प्रात्यक्षिकाला डीएनएस येतं. पॅकेज 'बाइंड' आणि सर्व्हिस 'नेमडी'! डेटाबेस घ्या. 'मारियाडीबी-सर्व्हर' बसवायचं आणि 'मारियाडीबी' सुरू करायचं. 'मायएसक्यूएल-सर्व्हर' बसवलं तर सर्व्हिस उबुंटूत 'मायएसक्यूएल' आणि रेड हॅटमध्ये 'मायएसक्यूएलडी'. 'ओपनएसएसएच-सर्व्हर' या पॅकेजचं नाव दोन्हीकडे तेच, पण सर्व्हिस एकीकडे 'एसएसएच' तर दुसरीकडे 'एसएसएचडी'. शेवटचा तो 'डी' म्हणजे डेमन, पडद्याआड राबणारा प्रोग्राम. एवढं कुणी सांगितलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

ही नावं काही आकाशातून पडलेली नाहीत. अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेच्या वेब सर्व्हरचं नाव एचटीटीपीडी होतं आणि त्याच्याच आधारावर १९९५ साली अपाचे उभा राहिला. रेड हॅटने आधी पॅकेजचं नाव अपाचेच ठेवलं होतं. २००२ साली रेड हॅट लिनक्स ८.० मध्ये अपाचेची दुसरी आवृत्ती आली तेव्हा ते एचटीटीपीडी झालं. डेबियनकडे जुन्या १.३ आवृत्तीचं पॅकेज अपाचे या नावाने होतं, म्हणून नव्याला अपाचे-२ म्हटलं. जुनं गेलं, पण शेपटीचा २ तसाच राहिला. म्हणजे यातलं बरोबर कोणतं आणि चूक कोणतं हा प्रश्नच नाही. दोन गटांनी घेतलेले दोन निर्णय आहेत, इतकंच.

काही जण म्हणतील, सुरुवातीला एकच पद्धत शिकवलेली बरी, पोरं गोंधळतात. यात तथ्य आहे. तासिका मोजक्या, मशीन मोजक्या. पण एकच पद्धत शिकवणं वेगळं आणि तीच एकमेव आहे असं वाटू देणं वेगळं! पाठ केलेली ओळ फार टिकतही नाही. ज्या सेंटओएस ७ वर कित्येक वह्या बेतल्या, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ रोजी संपला. 'यम'ची जागा 'डीएनएफ'ने घेतली, 'सर्व्हिस' कमांडची जागा 'सिस्टिमसीटीएल'ने.

शिवाय प्रश्न फक्त नावाचा नाही. उबुंटूत अपाचे बसवला की तो आपोआप सुरू होतो आणि मशीन रीस्टार्ट केल्यावरही उठतो. रेड हॅटमध्ये तो सुरू करावा लागतो आणि 'इनेबल'ही करावा लागतो, नाहीतर रीस्टार्टनंतर साइट गायब! तिथे फायरवॉलला सांगायचं तिसरंच नाव, नुसतं 'एचटीटीपी'. आणि सर्व्हर ज्या युजरच्या नावाने चालतो तो रेड हॅटमध्ये 'अपाचे', उबुंटूत 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. नोकरीच्या ठिकाणी रात्री सर्व्हर बंद पडला तर वहीतली ओळ कामी येणार नाही. कोणतं नाव कुठे शोधायचं हे माहीत असेल तरच निभाव लागेल.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रात्यक्षिकाच्या वहीत कमांड उतरवण्याऐवजी पहिल्या पानावर चार रकाने आखावेत. पॅकेज, सर्व्हिस, सेटिंगचा फोल्डर आणि युजर. हे रकाने पुस्तकातून नव्हे, मशीनला विचारून भरायचे. पॅकेजने कोणत्या फाइली आणल्या हे रेड हॅटमध्ये 'आरपीएम' सांगतं, उबुंटूत 'डीपीकेजी'. त्या यादीत 'डॉट सर्व्हिस'ने संपणारी फाइल दिसली की तिचं नाव हेच सर्व्हिसचं नाव. तोंडी परीक्षेतही "कमांड सांगा" याऐवजी "हे नाव तुला कळलं कसं?" असं विचारलं जावं.

आपल्यातले बरेच जण मराठी शाळांतून आलो. इंग्रजी शब्द आला की तो न विचारता पाठ करायचा, ही सवय तिथून सोबत आली. पण ही नावं आपल्यासारख्याच माणसांनी ठेवलेली आहेत. ती का ठेवली, हे विचारायला कोणाची हरकत आहे? पुढच्या प्रात्यक्षिकाला विचारून तर बघा!